भिंतीमुळे जन्मलेला हॉल

मंगळवारच्या बाजारात पांढरा आस्परागस दिसू लागला की इथल्या माणसांना उन्हाळ्याची चाहूल लागते. मला गेल्या वर्षापासून राग येतो. भाजीचा त्यात काही दोष नाही. ओल्या कापडावर निजवलेल्या त्या जाड, फिकट कांड्या, विकणाऱ्या बाईच्या हातमोज्यांना लागलेली वाळू, शेजारच्या गाडीवरून येणारा तळलेल्या माशाचा वास आणि मधूनच ताडपत्रीवर ताडताड वाजून थांबणाऱ्या गारा, हे सगळं एकत्र आलं की मी पुन्हा त्या वसंतात जाऊन उभा राहतो. त्या वसंतात अमेरिकेनं आयातशुल्क वाढवलं आणि एनस्खेडे या डच शहरातला आमच्या कारखान्याचा हॉल रिकामा करायचं ठरलं.

शुल्काचा आकडा मुद्दामच लिहीत नाही. मी उत्पादनखर्चाचा हिशेब करणारा माणूस आहे, आकड्यावर पोट भरलं आहे. पण त्या वसंतात आकडा सोमवारी एक होता, बुधवारी दुसरा, मग काही काळ स्थगित, मग तिसराच. शाई वाळेपर्यंत न टिकणाऱ्या गोष्टीला मी आकडा म्हणत नाही.

ऑफिसात तेव्हा सगळे हवामानाची भाषा बोलू लागले होते. वारं फिरलंय, वादळ येतंय, थोडं आडोशाला थांबू या. एप्रिलमध्ये इथे एका तासात ऊन, गारा आणि पुन्हा ऊन असं होतं. सायकलवर निघताना रेनकोट घालावा, पुढच्या सिग्नलला काढावा. त्यामुळे ती भाषा सगळ्यांच्या तोंडी सहज बसली. मला ती तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. गारा पडाव्यात असं कुणी टेबलाशी बसून ठरवलेलं नसतं. शुल्क कुणीतरी ठरवतं, त्यावर सही करतं आणि मग जेवायला जातं.

आमचा हॉल म्हणजे पोलाद घासून गुळगुळीत करणारी यंत्रं बनवणारी एका जपानी कंपनीची शाखा. मोठी नाही. स्टेशनवरून सायकलनं निघालं की जुन्या सूतगिरणीचं धुराडं लागतं. गिरणीत आता महागडी घरं आहेत, धुराडं तेवढं शोभेला ठेवलंय. त्याच्यापुढे कालव्याच्या बाजूला आमचं करड्या पत्र्याचं छप्पर. आत शिरलं की पहिल्यांदा वास येतो तो बिडाचा आणि तेलाचा. मग खर्र खर्र असा एक बारीक आवाज, जो दिवसभर थांबत नाही. तो स्क्रेपिंगचा. सपाट ठोकळ्याला निळा रंग लावायचा, तो यंत्राच्या बिडाच्या पाट्यावर घासायचा, पाट्यावर जिथे निळे ठिपके उमटतील तिथे उंचवटा आहे असं समजून हातातल्या पात्यानं तो खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा. हे शेकडो वेळा. हे काम अजून माणूसच करतो, आणि ते अंगवळणी पडायला चारेक वर्षं लागतात.

हा हॉल इथे का आहे, हे मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं जपानी मोटारींच्या संख्येवर मर्यादा घालून घेतली. जपाननं ‘स्वखुशीनं’ ती मान्य केली असं म्हणायची तेव्हा पद्धत होती. पुढे यंत्रांवरही तसंच झालं. युरोपनंही आपलं कुंपण वाढवलं. तेव्हा जपानी कारखानदारांनी साधा हिशेब केला: भिंत ओलांडता येत नसेल तर भिंतीच्या आत घर बांधावं. कुणी अमेरिकेत बांधलं, कुणी युरोपात. आमच्या कंपनीला एनस्खेडेमध्ये गिरण्या बंद पडल्यामुळे रिकामी झालेली जागा आणि रिकामे झालेले हात दोन्ही स्वस्तात मिळाले. म्हणजे आमच्या हॉलचा जन्मच एका भिंतीमुळे झाला. आणि आता दुसऱ्या एका भिंतीमुळे तो उचलून अमेरिकेत नेऊन ठेवायचा होता.

मी शुल्काचा सरसकट शत्रू नाही, हे आधीच सांगून टाकतो. भोसरीच्या एमआयडीसीत मी ज्या वर्कशॉपमध्ये पहिली नोकरी केली, तिथले मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, यांनी बरीच वर्षं पैसे साठवून एक वापरलेलं जपानी लेथ आणलं. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि चहाचा कप हातात घेऊन आयातशुल्काला तासभर शिव्या दिल्या. त्याच दिवशी दुपारी ते गिऱ्हाइकाला सांगत होते, “बाहेरून पार्ट आणून बघा ना, ड्यूटी भरून तुम्हाला परवडतो का!” सकाळी ज्या शुल्कानं त्यांना लुबाडलं होतं, त्याच शुल्काच्या जिवावर दुपारी ते माल विकत होते. माझा पगार त्याच दुपारच्या विक्रीतून यायचा. त्यामुळे शुल्क वाईट, खुला व्यापार चांगला असं छापील वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. शुल्क लावावं की नाही, हा माझा वाद नव्हता. ते लावून झाल्यावर त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं आणि ते ठरवताना हॉलमधल्या माणसांना कुणी काही विचारणार की नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

भोसरीची ती नोकरी, नंतरच्या दोन नोकऱ्या, सगळं सोडून मी इथे आलो तो बायकोच्या मागून. स्नेहाला इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. माझ्या पहिल्या निवास परवान्यावर मी तिच्यावर अवलंबून असलेला जोडीदार होतो. पुण्यात आईच्या मैत्रिणी विचारायच्या, “मिलिंद काय करतो तिकडे?” आई सांगायची, “घर बघतो.” पुढे डच शिकलो, नोकरी मिळाली, घर घेतलं. आमची ईरा इथेच वाढली. आम्ही मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते आणि रागावली की मात्र अस्सल मराठीत भांडते.

तर तो वसंत. एके दिवशी हिराओका-सान, म्हणजे आमचे जपानी संचालक, माझ्या टेबलाशी आले. ते कुणाला केबिनमध्ये बोलवत नाहीत, स्वतः येतात. महत्त्वाचा निर्णय जाहीर होण्याआधी ते एकेकाकडे असे येऊन जातात, हळू आवाजात बोलतात, म्हणजे प्रत्यक्ष बैठकीत कुणी दचकत नाही. त्यांनी सांगितलं: अमेरिकेला जाणारी यंत्रं पुढच्या वर्षीपासून अमेरिकेतच बनतील. इथल्या हॉलचं गोदाम होईल. स्थलांतराचा खर्च मी काढायचा.

“आणि तुम्ही तीन वर्षांसाठी तिकडे चला, मिलिंद-सान,” ते म्हणाले. “नियोजनाचं सगळं काम तुमच्याकडे.”

ती बढती होती. मी आभार मानले. खिडकीबाहेर गारा पडत होत्या, आणि मला एवढंच सुचलं की सायकलच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी घालायची राहिली.

घरी सांगितलं तेव्हा स्नेहा आस्परागस सोलत होती. इथले लोक तो लोणी आणि उकडलेल्या अंड्याबरोबर खातात. आमच्याकडे मोहरी, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं. सोलून काढलेल्या सालींचा ढीग बाजूला सारून ती म्हणाली, “तुला जायचंय?”

“तुझं काम इथे आहे. ईराचं पुढचं शिक्षण...”

“मी माझं विचारलं नाही. तुला जायचंय का?”

“हॉल मोडून जायचं हे मला पटत नाही.”

“मग तसं म्हण. एकदा माझ्यामागून आलास, त्याचं मला अजून अप्रूप आहे. पण आता माझ्यामागे लपू नकोस. नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या नावावर म्हण.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून हिची सोलणी माझ्यापेक्षा धारदार आहे.

ईराची तेव्हा शाळेची शेवटची परीक्षा होती. मे महिन्यात इथली घरं चिडीचूप असतात. ज्यांच्याकडे परीक्षार्थी आहे त्यांच्या दारावरून शेजारीसुद्धा हळू चालतात. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडं होतं आणि त्यात शुल्काची आकृती: मागणीची रेघ, पुरवठ्याची रेघ, आणि मध्ये रंगवलेला त्रिकोण.

“हा त्रिकोण म्हणजे ज्याचा फायदा कुणालाच होत नाही असा तोटा,” ती डचमध्ये म्हणाली. “बरोबर ना, बाबा?”

“यात बेर्ट कुठे बसतो?”

“कोण बेर्ट?”

“आमच्या हॉलमधला. स्क्रेपिंग करतो.”

ती पुस्तकावरून डोकं न उचलता म्हणाली, आणि या वेळी मराठीत, “बाबा, परीक्षेत बेर्ट येत नाही.”

मी मग तिला ट्रकची गोष्ट सांगितली, कारण ती पुस्तकात नव्हती. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकेच्या कोंबड्यांवर शुल्क वाढवलं. अमेरिका चिडली. तिनं बदला म्हणून युरोपच्या काही वस्तूंवर शुल्क लावलं: बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी, आणि लहान ट्रक. तो स्टार्च आमच्या इथल्याच उत्तरेकडच्या शेतांतला. पुढे भांडण मिटलं, बाकीची शुल्कं गेली, ट्रकवरचं मात्र राहिलं. आणि पुढे त्याचा फटका बसला तो जपान्यांना, ज्यांचा त्या कोंबड्यांशी काडीचाही संबंध नव्हता.

“म्हणजे कोंबडीमुळे ट्रक?” ईरा हसली.

“आणि मोटारसायकलची ऐक. सातशे सीसीच्या वरच्या जपानी गाड्यांवर अमेरिकेनं जबर शुल्क लावलं. जपान्यांनी काय केलं असेल?”

तिनं एक क्षण विचार केला. “सहाशे नव्व्याण्णव?”

“साधारण तसंच.”

“चीटिंग आहे ही!”

“नियम लिहिणाऱ्यानं रेघ मारली, हे रेघेच्या अलीकडे उभे राहिले. चीटिंग कसली?” हे बोलताना मला बरं वाटत होतं. रेघ मारणाऱ्याला वाटतं गोष्ट तिथे संपली. खरं तर पलीकडचा माणूस तिथूनच कामाला लागतो.

बेर्टची ओळख करून द्यायला हवी. आवाज मोठा, हात त्याहून मोठे, आणि गप्प बसणं हा प्रकार त्याला ठाऊक नाही. तो आमच्या कामगार सल्लामंडळाचा अध्यक्ष. इथल्या कायद्यानं असा मोठा निर्णय घेताना मालकाला सल्लामंडळाचा सल्ला मागावाच लागतो. तो ऐकावाच लागतो असं नाही. बेर्टचे वडील आणि आजोबा दोघेही सूतगिरणीत होते, आणि कँटीनमध्ये ताक पिता पिता मला टोचायची त्याची जुनी सवय.

“तुमच्या मुंबईच्या कापडानं माझ्या बापाची गिरणी खाल्ली.”

“मुंबईच्या गिरण्याही गेल्या, बेर्ट.”

“मग खाल्लं कुणी?”

हा प्रश्न आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ ताकाबरोबर चघळला आहे. पण त्या वसंतात हिराओका-सान आमच्या टेबलाशी येऊन बसले आणि त्यांनी त्यात एक घास वाढवला. त्यांचे आजोबाही कापडाच्या व्यवसायात होते. जाव्याच्या बाजारात जपानी कापड स्वस्त पडायला लागलं तेव्हा, तिथे राज्य असलेल्या डच सरकारनं त्यावर मर्यादा घातली, ती ट्वेन्टेच्या, म्हणजे याच भागातल्या गिरण्यांचं कापड खपावं म्हणून. आजोबांचा माल बंदरावर पडून राहिला होता.

“म्हणजे तुझ्या आजोबांचा माल अडवून माझ्या आजोबांना काम मिळालं,” बेर्ट म्हणाला.

“हो,” हिराओका-सान म्हणाले.

“आणि जाव्यातल्या माणसाला महाग कापड.”

“हो.”

बेर्टनं आपल्या डब्यातला चीज लावलेला पाव त्यांच्यापुढे सरकवला. “घे. आजोबांतर्फे.”

हिराओका-साननी तो खाल्ला. दोनच दिवसांनी त्यांनी हॉल रिकामा करण्याचा प्रस्ताव अधिकृतपणे सल्लामंडळापुढे ठेवला. ते दुष्ट आहेत असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी खर्चाचं पत्रक केलं. बेर्टनं विचारलं, “तू कुणाच्या बाजूचा?” मी म्हटलं, “बेरजेच्या.” तो थुंकल्यासारखं हसला. पण मी खरंच सांगत होतो. जपानमधल्या मुख्यालयानं पाठवलेल्या नमुन्यात यंत्रांची वाहतूक होती, नवी इमारत होती, वाचणारं शुल्क होतं. तिकडच्या माणसांना स्क्रेपिंग शिकवायला लागणारी वर्षं नव्हती. मी ती ओळ घातली. हिराओका-साननी ती काढायला सांगितली. मुख्यालयाच्या नमुन्यात ती बसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, “नमुना मोठा करू.” ते म्हणाले, “मिलिंद-सान, वरून जोराचं वारं सुटलंय.” पुन्हा वारं. ओळ काढली गेली. सल्लामंडळानं विरोधी सल्ला दिला, कायद्यानं ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहिली गेली, आणि मुदत संपल्यावर मुख्यालयानं काम पुढे न्यायला सांगितलं.

याच सुमारास बाजारातला आस्परागस संपतो. चोवीस जूनला, म्हणजे संत योहानच्या दिवशी, इथले शेतकरी तोडणी थांबवतात. कोंब तेव्हाही येत असतात, गिऱ्हाईक तेव्हाही मागत असतं. पण यंदा सगळं तोडलं तर पुढच्या वर्षी झाड दम धरणार नाही, म्हणून थांबायचं. मला या रिवाजाचं फार कौतुक आहे. बाजारानं मागितलं म्हणून मुळाला हात लावायचा नाही, हे त्यांनी कुणाच्या सल्ल्याशिवाय ठरवलंय.

हॉलमध्ये पायाचे बोल्ट कापायला कंत्राटदाराची माणसं आली, ती त्याच आठवड्यात. सगळ्यात मोठं ग्राइंडर आधी हलणार होतं, ज्यावर बाकीच्या यंत्रांचे पाटे तयार होतात. मी कुठला भाग कुठल्या खोक्यात, याच्या चिठ्ठ्या लावायला तिथे उभा होतो. आमच्याकडे प्रत्येक कामाच्या जागी डोक्यावर एक पिवळी दोरी लोंबते. कंपनीची पद्धत अशी: कुणालाही, अगदी झाडणाऱ्यालाही, काही चुकतंय असं दिसलं तर त्यानं दोरी ओढायची. दिवा लागतो, काम थांबतं, आणि वरिष्ठानं स्वतः तिथे येऊन ‘का?’ असं विचारायचं. उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा ‘का?’. असं पाच वेळा, मूळ सापडेपर्यंत. मूळ कारण दूर झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. भोसरीत यंत्र थांबवलं की काका आईबापांचा उद्धार करायचे. इथे थांबवणाऱ्याचे आभार मानतात. ही पद्धत हिराओका-साननी स्वतः आम्हा सगळ्यांना शिकवली होती.

ऑफिसच्या माणसानं दोरी ओढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी ओढली.

दिवा लागला. खर्र खर्र थांबलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या हॉलमध्ये पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ऐकू आला. कंत्राटदाराचा माणूस कटर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. बेर्ट लांबून चालत आला आणि माझ्या बाजूला, हाताची घडी घालून, चक्क गप्प उभा राहिला.

हिराओका-सान आले. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दोष काय आहे, मिलिंद-सान?”

“चांगलं चालणारं यंत्र जागेवरून उपटलं जातंय.”

त्यांना वाटलं असतं तर ते मला ऑफिसात नेऊ शकले असते. पण सगळा हॉल बघत होता, आणि पद्धत त्यांचीच होती.

“का?”

“गिऱ्हाईक अमेरिकेत आहे आणि सीमेवर शुल्क वाढलंय.”

“का वाढलं?”

“बाहेरचं यंत्र महाग केलं की कारखाने आत येतील, असं तिथल्या सरकारला वाटतं.”

“असं का वाटतं?”

“कारण चाळीस वर्षांपूर्वी तसं झालं होतं. मोटारींवर मर्यादा आली आणि तुमचे लोक तिकडे कारखाने बांधायला धावले. ते त्यांच्या लक्षात आहे. तेवढी वर्षं तिथल्या गिऱ्हाइकानं त्याच मोटारीला जादा दाम मोजले, ते लक्षात नाही.”

“तेव्हा आमचे लोक का धावले?”

“कारण ती मर्यादा टिकेल याची त्यांना खात्री होती. टिकणाऱ्या भिंतीच्या आत घर बांधता येतं.”

पाचवा ‘का’ त्यांनी हळूच विचारला: “आणि आता का नाही बांधायचं?”

“कारण ही भिंत दर महिन्याला सरकतेय. इकडचे बोल्ट कापून होतील, तिकडचा पाया ओतून होईल, तोवर ती कुठे असेल हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नाही. मी त्या पत्रकावर माझं नाव घातलंय, म्हणून सांगतो. मला नाही.”

“मूळ कारण या हॉलमध्ये नाही,” ते म्हणाले.

“मग या हॉलचे बोल्ट कापून ते दूर कसं होईल?”

बेर्टच्या गप्प राहण्याची मुदत इथे संपली. “हिराओका, हे तूच शिकवलंस. कारण एकीकडे आणि हातोडा दुसरीकडे असं करायचं नाही. भिंतीवर चिकटवलंयस तू ते, चित्रासकट!”

हिराओका-साननी त्या ग्राइंडरच्या पाट्यावर हात ठेवला. मग ते कंत्राटदाराच्या माणसाकडे वळून म्हणाले, “आज नाही.” आणि माझ्याकडे वळून, पद्धतीप्रमाणे, किंचित वाकून, “थांबवल्याबद्दल आभार.”

त्या दिवशी मी त्यांना अमेरिकेबद्दलही नाही म्हणून सांगितलं. बायकोचं काम, मुलीचं शिक्षण यांपैकी एकही कारण दिलं नाही. घरी येऊन स्नेहाला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं. आता ते खोबरं किस.”

मी इथे विजयाची गोष्ट सांगत नाही. मुख्यालयाशी हिराओका-सानचं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बोलणी शरद ऋतूपर्यंत चालली. शेवटी अमेरिकेला जाणाऱ्या यंत्रांची रंगरंगोटी आणि विजेची जोडणी तिकडे गेली. पाटे आणि स्क्रेपिंग इथे राहिलं. रंगकामाचा विभाग बंद झाला आणि तिथली माणसं गेली. त्यांच्यातला एक आता सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरतो. मला बघून हात करतो आणि मी प्रत्येक वेळी नको असलेलं काहीतरी विकत घेतो. लोक म्हणतात, वादळात एवढं वाचलं हे काय कमी आहे. मी त्यांना विचारतो, कुठलं वादळ? त्यावर सही कुणाची होती?

ईरा परीक्षेत पास झाली. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही घराबाहेर झेंडा लावून त्याच्या काठीला तिचं दप्तर टांगलं. ती पुढे शिकायला डेल्फ्टला गेली. शुल्काच्या प्रश्नाला तिला चांगले गुण मिळाले. कोंबडी लिहिली होतीस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “बाबा, प्लीज.”

आणि आता पुन्हा एप्रिल. पुन्हा गारा. अमेरिकेतून पुन्हा नव्या दराच्या बातम्या येतात आणि ऑफिसात पुन्हा वाऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. या महिन्यात आम्ही मुख्यालयाकडे एक मागणी पाठवली: स्क्रेपिंग शिकायला दोन नवी माणसं. बेर्टनं निवडलेली. त्यातली एक चाळिशीची बाई, आधी बस चालवायची, हात स्थिर आहे असं बेर्ट म्हणतो. शिकून तयार व्हायला चार वर्षं. तोवर त्यांच्या हातून विकण्याजोगं फारसं काही होणार नाही, पगार मात्र द्यावा लागेल. मी सगळं तसंच्या तसं लिहिलं. मुख्यालयाच्या अर्जात एक रकाना असतो: हा खर्च कुठला शुल्कदर गृहीत धरून मांडला आहे? मी लिहिलं, कुठलाही नाही.

मग तो कागद हिराओका-सानकडे गेला. जपानी कंपनीत सहीऐवजी लाल गोल शिक्का मारतात. त्यातही एक अदब आहे, जी मला इथे येऊन कळली: खालच्या माणसानं आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याच्या रकान्याकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे कागदावरसुद्धा तो वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. मुख्यालयाकडे गेलेल्या प्रत्येक कागदावर हिराओका-सानचा शिक्का मी तसा कललेलाच पाहिला आहे. गेल्या वर्षीच्या स्थलांतराच्या प्रस्तावावरचा तर फारच कललेला होता.

त्यांनी मागणी वाचली. माझा तो ‘कुठलाही नाही’ त्यांनी दोनदा वाचला असावा; बोट तिथे थांबलं होतं. खोडायला सांगतील म्हणून मी उभाच होतो. त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या डबीत दाबला, कागदावर टेकवला आणि कागद माझ्या हातात देऊन खिडकीबाहेर बघू लागले.

मी जागेवर आलो. मग राहवेना म्हणून फूटपट्टी काढून शिक्क्यातल्या उभ्या रेघेला लावून पाहिली.

शिक्का सरळ होता.